मिग-२१ चे कॉकपिट आणि एक पांढरी रेघ
(हस्तकला व अभ्यासपाठ : मोठ्या गटासाठी. लहान गटाने आई-बाबांबरोबर वाचावा.)



मागच्या अंकात आपण आकाशकंदील करायला शिकलो. बऱ्याच जणांचे कंदील छान झाले, काहींचे जरा वाकडे झाले, पण उजेड सगळ्यांनी सारखाच दिला! या अंकात थोडे अवघड काम घेऊ या. आपल्या मोठ्या गटाने गेल्या सत्रात प्लॅस्टिकचे एक विमान जोडले. ते होते मिग-२१. सगळे विमान कसे जोडायचे ते खोक्यातल्या कागदावर दिलेलेच असते. म्हणून या पाठात आपण फक्त त्याच्या कॉकपिटचा, म्हणजे वैमानिक जिथे बसतो त्या जागेचा, अभ्यास करणार आहोत. अंगठ्याएवढ्या जागेत किती गोष्टी मावतात आणि त्यातली प्रत्येक गोष्ट तिथे का असते, हे पाहू या.

मिग-२१ च का निवडले?

याला दोन कारणे आहेत. पहिले कारण असे, की भारतीय हवाई दलाने हे विमान १९६३ पासून वापरले आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला समारंभ करून त्याला निरोप दिला. म्हणजे बासष्ट वर्षे! तुमच्या आजोबांच्या तरुणपणी जे विमान नवे होते, तेच विमान तुम्ही शाळेत जाऊ लागलात तरी उडत होते.

दुसरे कारण आपल्या घरचे आहे. नाशिकपासून जवळच ओझर नावाचे गाव आहे. तिथे १९६४ मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना सुरू झाला, तो मिग-२१ बांधण्यासाठीच. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओरिसात कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, अशी कामाची वाटणी होती. माझे काका या ओझरच्या कारखान्यात फिटर होते. लहानपणी आम्ही नाशिकला राहत असू. डोक्यावरून विमान गेले की काकू पोळी लाटता लाटता म्हणायची, "तुझ्या काकाचं चाललंय बघ." आम्हांला वाटे, आकाशातली सगळी विमाने काकांचीच!

आता थोडे नावाविषयी. 'मिग' हे दोन माणसांच्या आडनावांवरून पडलेले नाव आहे. आर्त्योम मिकोयान आणि मिखाईल गुरेविच हे ते दोन सोव्हिएत अभियंते. रशियन भाषेत 'इ' म्हणजे 'आणि'. 'मिकोयान आणि गुरेविच' याचे लघुरूप झाले मिग. आपल्या मराठीत जसे 'ग. दि. मा.' किंवा 'पु. ल.' होते, तसेच काहीसे.

१. प्रमाण म्हणजे काय?

खोक्यावर १/४८ असे छापलेले असते. याचा अर्थ, खऱ्या विमानाचे अठ्ठेचाळीस मिलिमीटर आपल्या मॉडेलवर एक मिलिमीटर होतात. मिग-२१ च्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर आहे. त्याला ४८ ने भागले तर सुमारे १४.९ सेंटीमीटर येतात. तुमच्या पेन्सिलीहून थोडे कमीच.

आता कॉकपिटमध्ये उतरू या. पाच फूट आठ इंच उंचीचा वैमानिक या प्रमाणात ३.६ सेंटीमीटरचा होईल. खऱ्या विमानात आठ सेंटीमीटरची तबकडी असेल, तर ती आपल्याकडे जेमतेम १.७ मिलिमीटरची होईल. मोहरीच्या दाण्याएवढी! साडेचार सेंटीमीटर रुंद पट्टा एक मिलिमीटरहून थोडा कमी भरेल.

हाच हिशेब उलटा करून पाहा. सांध्यात अर्ध्या मिलिमीटरची फट राहिली तर आपल्याला ती क्षुल्लक वाटते. पण ४८ ने गुणले तर खऱ्या विमानात ती २.४ सेंटीमीटरची झाली. तेवढ्या फटीत बोट जाईल. असे विमान कोणी उडवील का? म्हणून मॉडेल करणाऱ्याने प्रत्येक चूक मनात ४८ ने गुणून पाहावी.

२. आधी अभ्यास, मग कात्री

मिग-२१ चे अनेक प्रकार होते, आणि त्यांची कॉकपिटे सारखी नव्हती. ओझरला आधी एफ.एल., नंतर एम. आणि शेवटी बिस असे प्रकार बांधले गेले. एफ.एल. मध्ये काचेचे झाकण पुढच्या बाजूला बिजागरी असलेले होते. उघडताना ते पुढे उचलले जाई. एम. आणि बिस मध्ये पुढची काच पक्की बसवलेली होती आणि झाकण वैमानिकाच्या उजव्या हाताला उघडत असे. आसनही बदलले होते. तेव्हा तुमच्या खोक्यात कोणता प्रकार आहे ते आधी वाचा आणि त्याच प्रकारची छायाचित्रे शोधा. दुसऱ्याच प्रकारचे चित्र पाहून केलेले काम म्हणजे सोलापूरच्या गाडीत बसून कोल्हापूरची वाट पाहण्यासारखे आहे.

जमल्यास खरे विमान पाहून या. इथे इंग्लंडमध्ये कॉसफर्डच्या आर.ए.एफ. म्युझियममध्ये मिग-२१ आहे. सुटीत भारतात गेलात तर दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात आहे.

३. साहित्य

(१) मॉडेलचा संच. आमचा कार बूट सेलमध्ये घेतलेला जुना संच होता. त्यातले डिकॅल पिवळे पडून फुटले होते. नवा संच मिळाला तर उत्तम.
(२) बारीक पात्याची सुरी, कातरण्याचा छोटा पक्कड, चिमटा.
(३) पॉलिश पेपर : एक जाड, एक बारीक.
(४) प्लॅस्टिकचा पातळ डिंक (पॉलिस्टायरीन सिमेंट) आणि शाळेतला पांढरा डिंक.
(५) पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग : पिरोजी (नसल्यास निळा, हिरवा व पांढरा), काळा, पांढरा, राखाडी, लाल, खाकी. चकचकीत व्हार्निशची लहान बाटली.
(६) दोन ब्रश : एक अगदी बारीक, एक जुना झिजलेला. जुना ब्रश फेकू नका, त्याचे काम पुढे आहे.
(७) टूथपिक, कापसाच्या काड्या, खराब झालेल्या इअरफोनची वायर, टेकअवेच्या जेवणाचा ॲल्युमिनियमचा धुतलेला डबा.

सूचना : सुरीचे पाते इथे अठरा वर्षांखालच्या मुलांना दुकानात विकत नाहीत, आणि ते योग्यच आहे. कापण्याचे काम मोठ्या माणसासमोर करावे. पाते नेहमी बोटांपासून दूर ढकलावे. डिंक वापरताना खिडकी उघडी ठेवावी.

४. कृती

पहिली पायरी : धुणे. सुटे भाग ज्या चौकटीला चिकटलेले असतात ती चौकट साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन वाळवा. साच्यातून निघताना प्लॅस्टिकवर तेलकटपणा राहिलेला असतो. त्यावर रंग धरत नाही.

दुसरी पायरी : कापणे आणि कोरडी जुळणी. भाग ओढून तोडू नका. पक्कडीने थोडे लांबून कापा आणि उरलेला तुकडा पॉलिश पेपरने घासा. मग डिंक न लावता सगळे भाग एकमेकांत बसवून पाहा : तळ, दोन्ही बाजूंचे कट्टे, मागची भिंत, पुढची उपकरणांची पाटी, आसन. याला आपण कोरडी जुळणी म्हणू. नाटकाची जशी रंगीत तालीम, तशी ही बिनरंगाची तालीम.

तिसरी पायरी : मूळ रंग. मिग-२१ च्या कॉकपिटचा रंग पाहून सगळे थक्क होतात. लढाऊ विमान म्हटले की आपल्याला काळा किंवा करडा रंग डोळ्यांसमोर येतो. पण इथे आतून निळसर हिरवा, चांगला उजळ रंग असतो. हा रंग डोळ्यांना कमी थकवतो, असे त्याचे कारण सांगतात. या रंगाला मराठीत काय म्हणावे यावर वर्गात दहा मिनिटे चर्चा झाली. कोणी मोरपंखी म्हणाले, पण मोरपंखी जास्त गडद. कोणी पोपटी म्हणाले, ते तर चूकच. एक विद्यार्थिनी म्हणाली, "साताऱ्याला आजीच्या स्वयंपाकघराची भिंत अशीच आहे, खालून अर्धी." आणि खरोखर, तो जुन्या घरांतल्या ऑइलपेंटचाच रंग! त्याला शब्द आहे पिरोजी. पिरोजा नावाचे रत्न असते, त्याचा हा रंग.

रंगात पांढऱ्याचा एक थेंब जास्त घाला. लहान वस्तूवर रंग आहे त्यापेक्षा गडद दिसतो, आणि कॉकपिटच्या आत सावलीही असते. एक जाड हात देण्याऐवजी दोन पातळ हात द्या. जाड हाताने बारीक बटणे बुजून जातात. जिथे डिंक लागणार तिथला रंग नंतर खरवडून काढा. प्लॅस्टिकचा डिंक हा चिकटत नाही, तो प्लॅस्टिक थोडे विरघळवून दोन भाग एकजीव करतो. मधे रंग असला की त्याचे काही चालत नाही.

चौथी पायरी : उपकरणांची पाटी. पाटीवरच्या गोल तबकड्यांना बारीक ब्रशने काळा रंग द्या. तो वाळला की जुना झिजलेला ब्रश घ्या. त्याला पांढरा रंग लावा आणि कागदावर पुसून पुसून जवळजवळ कोरडा करा. आता तो तबकड्यांवरून अलगद फिरवा. उठावाचे आकडे आणि काटे तेवढे पांढरे होतात आणि खोलगट भाग काळाच राहतो. मोहरीएवढ्या तबकडीवर हाताने आकडे लिहिणे कोणालाच शक्य नाही. कोरडा ब्रश ते काम करतो. शेवटी टूथपिकच्या टोकाने प्रत्येक तबकडीत चकचकीत व्हार्निशचा एक थेंब सोडा. तो वाळला की काच बसवल्यासारखे दिसते.

हे करताना एक गोष्ट लक्षात ठेवा. या विमानात वेग ताशी किलोमीटरमध्ये आणि उंची मीटरमध्ये दाखवत. ब्रिटिश आणि अमेरिकन विमानांत नॉट आणि फूट असतात. त्यामुळे एका प्रकारच्या विमानातून दुसऱ्यात जाणाऱ्या वैमानिकाला आधी मनातले आकडे बदलावे लागत. आपण नाही का, भारतात गेलो की पौंडांचे रुपये करत बसतो!

पाचवी पायरी : सावल्या. बाजूच्या कट्ट्यांवर व्हार्निशचा एक हात द्या आणि एक दिवस वाळू द्या. मग काळपट तपकिरी रंग भरपूर पाण्यात पातळ करून त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब घाला. हे पाणी कोपऱ्यांत आणि खाचांत सोडा. वरवर राहिलेले ओल्या कापसाच्या काडीने टिपून घ्या. खाचांत रंग राहतो आणि सावलीसारखा दिसतो. मग कट्ट्यांवरच्या बटणांना काळा, पांढरा, लाल असे एकेक ठिपके द्या. कोणते बटण कोणत्या रंगाचे ते छायाचित्रात पाहून ठरवा. मनाने रंगपंचमी खेळू नका.

सहावी पायरी : दांडा. मधला उभा दांडा म्हणजे विमानाचा लगाम. त्याची मूठ काळी असते. त्याला पुढे एक छोटी दांडी असते, सायकलच्या ब्रेकसारखी. ती खरोखर चाकांच्या ब्रेकचीच असते. जमिनीवर धावताना वैमानिक ती हाताने दाबतो. संचात ती नसेल तर इअरफोनच्या वायरीतली केसाएवढी बारीक तार कापून लावा. तशाच तारांचे दोन-तीन तुकडे बाजूच्या भिंतींवर वायरी म्हणून लावता येतात.

सातवी पायरी : आसन. हे साधे आसन नाही. विमान वाचत नाही असे दिसले तर वैमानिकाला आसनासकट बाहेर फेकणारे हे यंत्र आहे. बिस मध्ये आसनाच्या पुढच्या काठाला, वैमानिकाच्या मांड्यांच्या मधे, लाल मुठी असतात. त्या ओढल्या की झाकण उडते आणि पाठोपाठ आसन सुटते. तो लाल रंग नीट, आखीव द्या. सगळ्या कॉकपिटमध्ये हाच रंग सर्वांत आधी दिसला पाहिजे, कारण खऱ्या विमानातही तो त्यासाठीच दिलेला असतो.

पट्ट्यांसाठी टेकअवेच्या डब्याचा सपाट भाग घ्या. पट्टी ठेवून एक मिलिमीटरहून किंचित कमी रुंदीच्या पट्ट्या कापा, खाकी रंगवा आणि पांढऱ्या डिंकाने आसनावर ठेवा. धातूचा पट्टा वाकवला तसा राहतो, म्हणून तो कापडासारखा सैल पडलेला दाखवता येतो. बकलांसाठी तारेचे चौकोनी वेढे पुरतात.

आठवी पायरी : वजन आणि झाकण. विमानाच्या धडाचे दोन अर्धे जोडण्याआधी नाकाच्या शंकूमागे वजन भरा. ब्लू-टॅकमध्ये दाबलेले लोखंडी नट चालतील. वजन विसरलात तर तयार विमान शेपटीवर बसते आणि नाक वर करून पाहत राहते. मग कॉकपिट आत बसवून धड बंद करा. काचेचे झाकण मात्र सर्वांत शेवटी, आणि पांढऱ्या डिंकानेच. मी एकदा घाईत सुपरग्लू वापरला. त्याच्या वाफेने सगळी काच आतून धुक्यासारखी पांढरी झाली. तीन आठवड्यांचे काम कोणाला दिसेना. कसारा घाटात पाटी असते ना, 'अति घाई संकटात नेई', ती मी आता माझ्या टेबलावर लावली आहे.

५. पांढरी रेघ

आता मुख्य गोष्ट. आमचे धड बंद करून झाले. आसन बसले, दांडा बसला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी संध्याकाळी मी नाशिकला काकांना व्हिडिओ फोन लावला. काका आता सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे, तरी भिंग घेऊन बसले. मी फोन कॉकपिटजवळ नेला. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटले, खूश झाले. मग म्हणाले,

"अगं, रेघ कुठंय?"

"कसली रेघ, काका?"

"पांढरी रेघ. पाटीवर, खाली मधोमध. उभी. ती नाही काढली तुम्ही."

मी छायाचित्र पुन्हा पाहिले. उपकरणांच्या पाटीच्या खालच्या भागात, बरोबर मध्यावर, खरोखरच एक पांढरी उभी रेघ होती. इतके दिवस आम्ही ते छायाचित्र पाहत होतो, आणि ती आमच्या नजरेतून सुटली होती. नव्या संचांत ती डिकॅलवर छापलेली मिळते. आमचे डिकॅल खराब झालेले होते, म्हणून आम्ही सगळी पाटी हाताने रंगवली, आणि रेघ राहून गेली.

ही रेघ कशासाठी? काकांनी सांगितले ते असे. विमान कधी कधी गिरकीत सापडते. म्हणजे पंखांवरची हवा नीट वाहत नाही, विमान उडायचे थांबते आणि भोवऱ्यासारखे फिरत खाली पडू लागते. त्या वेळी वैमानिकाला वर-खाली, डावे-उजवे काही कळत नाही. कानांत जो तोल सांभाळणारा भाग असतो, तोच गोंधळलेला असतो. गिरकीतून सुटताना दांडा मध्यावर आणावा लागतो. पण मध्य कोणता? हाताला वाटते की दांडा मधे आहे, आणि तो असतो एका बाजूला. अशा वेळी शरीरावर विश्वास ठेवायचा नाही. डोळ्यांसमोरच्या पांढऱ्या रेघेकडे पाहायचे आणि दांडा त्या रेघेच्या समोर आणायचा. बस्स.

एवढ्या मोठ्या, आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणाऱ्या यंत्रात, शेकडो तारा आणि तबकड्यांमध्ये, ब्रशाने ओढलेली एक साधी रेघ!

पुढच्या शनिवारी मी ही हकीकत वर्गात सांगितली आणि विचारले, "आता काय करायचे?" आसन आणि दांडा बसलेला असल्यामुळे ब्रश तिथवर पोचत नव्हता. रेघ काढायची तर धड पुन्हा उघडावे लागणार होते, आणि उघडताना ते मोडण्याची भीती होती. एक विद्यार्थी म्हणाला, "मावशी, पण झाकण लावल्यावर ती कोणाला दिसणार आहे?" प्रश्न अगदी रास्त होता. मी तो काकांना विचारला. काका म्हणाले, "ती बघणाऱ्यासाठी नव्हतीच. बसणाऱ्यासाठी होती."

मग मतदान झाले. सात विरुद्ध दोन मतांनी उघडायचे ठरले. सुरीच्या पात्याची बोथट कड सांध्यावरून पुन्हा पुन्हा ओढून आम्ही धड उघडले. डाव्या बाजूला एक तडा गेलाच. पाटी बाहेर काढली. पांढऱ्या डिकॅलच्या कागदाची केसाएवढी बारीक पट्टी कापून पाण्यात भिजवली आणि चिमट्याने मध्यावर ठेवली. पहिली वाकडी बसली, दुसरी तुटली, तिसरी बरोबर बसली. धड पुन्हा बंद केले. तडा पुट्टीने भरला. नीट पाहिले तर तो अजून दिसतो. रेघ मात्र टॉर्च घेऊन डोकावले तरच दिसते.

६. विचार करण्यासाठी

आपल्या वर्गात एका मुलीने विचारले, "हे विमान माणसे मारायला बनवलेले. मग त्याचे सुंदर मॉडेल का करायचे?" हा प्रश्न टाळायचा नाही. मिग-२१ युद्धाचेच यंत्र होते. १९७१ च्या युद्धात ते वापरले गेले. शिवाय शांततेच्या काळातही त्याने पुष्कळ बळी घेतले. २०१२ मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितले, की भारताने घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी निम्म्याहून जास्त विमाने अपघातांत गेली आणि त्यांत १७१ वैमानिकांचा मृत्यू झाला. यात मिगचे सगळे प्रकार आले. जमिनीवरची माणसेही त्यात दगावली.

मी काकांना हेही विचारले. ते म्हणाले, "रेडिओवर बातमी आली की त्या दिवशी आमच्या शॉपमध्ये कोणी जेवणाच्या सुटीत बोलायचं नाही. प्रत्येक जण मनात आपलं काम तपासायचा. आपण लावलेला स्क्रू तर नसेल?" त्यांच्याकडे नियम होता. पाळी संपली की प्रत्येकाने आपली हत्यारे मोजायची. एक पाना जरी कमी भरला, तरी तो सापडेपर्यंत विमान पुढे जायचे नाही, कारण कॉकपिटमध्ये सुटा पडलेला पाना दांड्याखाली अडकू शकतो.

माझे उत्तर असे आहे. विमान लांबून पाहिले की ते नुसते टोकदार, चकचकीत आणि वेगवान दिसते. कॉकपिट करायला बसले की कळते, त्यात एक माणूस बसत होता. त्याच्या डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून भिंतीचा रंग निवडला होता. त्याला सुटता यावे म्हणून लाल मुठी होत्या. त्याचा हात चुकू नये म्हणून रेघ होती. आणि ते सगळे ओझरसारख्या गावात डबा घेऊन सायकलवर येणाऱ्या माणसांनी हाताने बसवले होते. तुमचे उत्तर वेगळे असू शकेल. ते मराठीत लिहून आणा.

आमचे विमान डिसेंबरमध्ये मी नाशिकला घेऊन गेले, हातातल्या बॅगेत, कापसात गुंडाळून. काकांनी झाकणावर टॉर्च धरला, भिंगातून पाहिले आणि म्हणाले, "हं. आता पुढं जाऊ दे." कारखान्यात तपासणी झाल्यावर ते हेच म्हणत असत, असे काकूने मागाहून सांगितले. विमान आता त्यांच्या टीव्हीवरच्या फळीवर आहे.

(छायाचित्र फोटोकॉपीत नुसते काळे येते, म्हणून छापलेले नाही. वर्गाच्या फलकावर लावले आहे.)

शब्दार्थ

तबकडी : आकडे आणि काटा असलेला गोल चेहरा, घड्याळाला असतो तसा.
पिरोजी : निळा आणि हिरवा यांच्या मधला उजळ रंग.
गिरकी : स्वतःभोवती गरगर फिरणे.
सांधा : दोन भाग जिथे जुळतात ती जागा.
उठाव : सपाट भागावरून वर आलेली नक्षी किंवा अक्षरे.
पाळी : कारखान्यातली कामाची ठरलेली वेळ.
बोथट : धार नसलेले. (विरुद्धार्थी शब्द : धारदार)
रास्त : योग्य.

स्वाध्याय

१. मिग-२१ च्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर आहे. १/७२ आणि १/३२ या प्रमाणांत तो किती सेंटीमीटर होईल? (उत्तर पडताळून पाहा : सुमारे ९.९ आणि २२.३.)
२. तुमची स्वतःची उंची १/४८ प्रमाणात किती भरेल? तेवढा माणूस कागदातून कापून आणा.
३. एका वाक्यात उत्तरे लिहा : (अ) कॉकपिट आधी का पूर्ण करावे लागते? (आ) नाकात वजन का भरतात? (इ) काचेच्या झाकणाला सुपरग्लू का लावू नये?
४. 'बघणाऱ्यासाठी नव्हती, बसणाऱ्यासाठी होती' या वाक्याचा अर्थ आपल्या शब्दांत पाच ओळींत लिहा. तुमच्या घरात अशी एखादी वस्तू आहे का, जी दिसत नाही पण लागते?
५. आजी, आजोबा, काका, मामा यांपैकी कोणालाही फोन करून विचारा : "तुमच्या कामात असा कोणता नियम होता, जो कधीच मोडायचा नाही?" उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून आणा. निवडक उत्तरे पुढच्या अंकात छापू.

तुमची मावशी
(मोठा गट, शनिवारचा वर्ग)